तीन शिरगावे आणि एक दिवा

शाळेतील मुलांना सुट्टीच्या दिवसांत परदेशी नेऊन आणण्याची प्रथा आता आपल्या मॉरिशस बेटावर फारशी अपूर्वाईची राहिलेली नाही. आईबाप पैसा साठवितात, शाळा परवानग्या मिळविते, आणि पंधरवड्यानंतर मुले परत आली, की घरोघर एकच प्रश्न विचारला जातो : काय काय पाहिलेत? मुले किल्ल्यांची, देवळांची आणि दुकानांची नावे सांगतात, छायाचित्रे दाखवितात, आणि सहल सुफळ झाली असे आपण मानतो. या प्रश्नाला एक जोडप्रश्न आहे. तो मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तिकडच्या लोकांनी तुमच्यामध्ये काय पाहिले? ज्या घराण्यांतील कोणी मूळ पुरुष पाच वर्षांचा करार करून शिडाच्या जहाजात बसला आणि ऊस तोडण्यासाठी या बेटावर उतरला, त्या घराण्यांतील मुलांना हा दुसरा प्रश्नच अधिक जिव्हारी लागणारा असतो. येथील एका माध्यमिक शाळेतील बावीस मुलामुलींची तुकडी अलीकडे एका डिसेंबरच्या सुट्टीत महाराष्ट्रात जाऊन आली. तिच्या हकीकतीवरून ही गोष्ट चांगली ध्यानात येते.

सहलीची तयारी शाळेने विचारपूर्वक केली होती. परदेश पाहण्यापूर्वी मुलांनी आपलाच देश पाहावा, या हेतूने त्यांना प्रथम पोर्ट लुईच्या बंदरावरील आप्रवासी घाट दाखविण्यात आला. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख भारतीय मजूर या बंदरातून बेटावर आले. १८४९ पासून तेथे त्यांच्या नोंदणीचे ठाणे होते, आणि २००६ साली ते स्थान जागतिक वारसा म्हणून मान्य झाले. हे सारे मुलांनी पाठ्यपुस्तकात वाचले होते. परंतु बोटीतून उतरलेल्या माणसांनी ज्या दगडी पायऱ्यांवर पहिले पाऊल ठेवले त्या पायऱ्यांपाशी उभे राहिल्यावर नेहमी गलका करणारी मुलेही जरा वेळ गप्प झाली. त्यानंतर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आप्रवासी नोंदवह्यांची माहिती त्यांना देण्यात आली. मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव आणि जिल्हा असे रकाने त्या वह्यांत आहेत. ज्यांच्या घरून अर्ज गेले होते, त्यांतील काहींना आपापल्या पूर्वजाच्या नोंदीचा उतारा मिळाला.

अशा एका उताऱ्याची घडी घेऊन चौदा वर्षांची एक मुलगी या तुकडीत निघाली. उतारा तिच्या आजीच्या माहेरच्या मूळ पुरुषाचा होता. १८५० नंतरच्या दहा वर्षांत मुंबईहून आलेला, वय बावीस, उजव्या भुवईवर व्रण. त्याचे पाळण्यातले नावच पुढे आडनाव होऊन बसले होते, कारण नोंद करणाऱ्या गोऱ्या कारकुनाला एकच नाव ऐकू आले आणि त्याने तेच लिहिले. आपल्यापैकी कित्येक घराण्यांची आडनावे अशाच रीतीने जन्मास आली आहेत, हे वाचकांस ठाऊकच आहे. त्यामुळे आडनावावरून मूळ गाव शोधावे म्हटले तर तो मार्ग आधीच खुंटलेला. जिल्ह्याच्या रकान्यात रत्नागिरी हे नाव, इंग्रज त्या काळी ज्या वेड्यावाकड्या रीतीने लिहीत त्याच रीतीने, लिहिलेले होते. गावाच्या रकान्यात 'सीरगाव' असे वाचता येत होते.

आजीचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले, आणि तिला आता अंगणापलीकडे जाववत नाही. तिने नातीला निघताना काही आणावयास सांगितले नाही. ती एवढेच म्हणाली, "गावच्या देवापुढे एक दिवा लाव आणि सांग, आम्ही आहोत." नातीने तिला तसे वचन दिले. वचन देताना गाव सापडेल की नाही याची शंकाही तिच्या मनात आली नाही. कागदावर नाव लिहिलेले होते, तेव्हा गाव असणारच.

विमान मुंबईस उतरले, आणि ज्या समुद्रास पूर्वजांना कित्येक आठवडे लागले तो मुलांनी सहा-सात तासांत मागे टाकला. मुंबईत वाटाड्याने गेटवे ऑफ इंडियाची कमान दाखविली आणि मोठ्या आवेशाने सांगितले, की तुमचे पूर्वज येथूनच निघाले. तेव्हा एका मुलाने तेथील शिलालेख वाचून आणि मनाशी हिशेब करून विचारले, की कमान तर १९२४ साली पुरी झाली, मग आमच्या पूर्वजांनी ती पाहिली कशी? वाटाड्या मोकळेपणाने हसला. बंदर तेच, पण दगड नंतरचे, असे त्याने कबूल केले. या लहानशा प्रसंगाचा मुलांना पुढे उपयोग झाला. आपल्याला जे दाखविले जाते त्यातले आपले कोणते आणि नंतर उभारलेले कोणते, हे पारखून पाहण्याची सवय त्यांना तेथेच लागली.

रायगडावर जाण्यासाठी दोरवाट असतानाही मुलांनी पायऱ्यांनी चढण्याचा हट्ट धरला. १६७४ साली शिवाजी महाराजांना जेथे राज्याभिषेक झाला त्या ठिकाणी पोहोचेतो त्यांचे पाय भरून आले होते. परंतु थकव्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. पुण्यात शनिवारवाडा झाला, वस्तुसंग्रहालये झाली, आणि एका महाविद्यालयात तेथील विद्यार्थ्यांशी वार्तालाप ठरविण्यात आला. येथपर्यंत सर्व यथासांग चालले होते.

त्या वार्तालापात मुलांनी आपापला परिचय पाठ केल्याप्रमाणे शुद्ध मराठीत करून दिला. पुढे चहापानाच्या वेळी बोलणे जरा सैल झाले. उताऱ्याची घडी जवळ बाळगणाऱ्या त्या मुलीस कोणी आणखी चहा हवा का असे विचारले, आणि ती सहजपणे म्हणाली, "वायच द्या." भोवतालची दोन-चार मुले हसली. त्यांच्यापैकी एकीने तो शब्द दुसरीला सांगितला, दुसरीने तिसरीला, आणि प्रत्येक वेळी हसू उमटत गेले. त्यात दुष्टावा नव्हता. शहरात वाढलेल्या मुलांना तो शब्द नाटकातल्या गावंढळ गड्याच्या तोंडी ऐकण्याची सवय होती, एवढेच. पण जिच्या आजीच्या तोंडी तो शब्द रोज असतो, तिला हे कारण कसे कळावे? त्या दिवशी ती पुन्हा मराठीत बोलली नाही. रात्री तिने सोबतच्या मैत्रिणींना क्रिओलमध्ये सांगितले, की पुढील इयत्तेत विषय निवडावयाचे आहेत, तेव्हा आपण मराठी सोडून देणार. जी भाषा आपण इतकी वर्षे अभ्यासिली ती तेथील लोकांच्या लेखी मुळी भाषाच नसेल, तर ती शिकण्यात हशील काय, असा तिचा प्रश्न होता. मैत्रिणींना त्यावर उत्तर सुचले नाही.

सहलींच्या वृत्तांतात असे प्रसंग सहसा लिहिले जात नाहीत. वास्तविक ते अवश्य लिहिले पाहिजेत. आपल्या मुलांची मराठी दोन झऱ्यांनी आलेली आहे. एक झरा शाळेचा, पुस्तकी आणि नेटका. दुसरा घरचा. कोकणातील शेतकरी जहाजावर चढताना जी बोली बोलत होता, तिच्यातील जे काही शब्द क्रिओल आणि भोजपुरीच्या शेजारात टिकून राहिले, तेवढेच या दुसऱ्या झऱ्याचे पाणी. पहिल्याला गुण मिळतात, म्हणून आपण त्याची काळजी घेतो. दुसऱ्याकडे आपले लक्ष नसते. मग कोणी परका त्याला हसला की मूल दोन्हींकडे पाठ फिरविते, यात नवल नाही.

पुण्याहून मंडळी मुंबईकडे परतून कोकण रेल्वेने रत्नागिरीकडे निघाली. १९९८ साली हा मार्ग पूर्णपणे खुला झाला. त्यापूर्वी हाच प्रवास बोटीने किंवा घाटाच्या वळणांनी करावा लागे. बोगद्यामागून बोगदे लागत होते, आणि मधल्या उजेडात तांबडी माती, जांभ्या दगडाचे गडगे आणि कापणी झालेली भातखाचरे दिसत होती. उसाच्या मळ्यांत वाढलेली ही मुले खिडकीबाहेर ऊस शोधीत होती; पण ऊस कोठे दिसेना. ऊस घाटावर, कोल्हापूर-सांगलीकडे होतो. ज्या माणसांनी मॉरिशसमध्ये पिढ्यानपिढ्या ऊस तोडला त्यांची मूळ भूमी भाताची आणि नाचणीची होती, हे त्यांना तेव्हा प्रथमच उमगले. घरून निघताना बाजारात आंबे आले होते; येथे मात्र आंब्याला नुकता कोठे मोहर दिसू लागला होता. एकाच झाडाचे दोन ऋतू त्यांनी एका महिन्यात पाहिले.

रत्नागिरी शहरात त्यांनी लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान पाहिले आणि थिबा राजवाडाही पाहिला. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी पदच्युत करून येथे आणून ठेवले, आणि १९१६ साली येथेच त्याचा अंत झाला. ज्या किनाऱ्यावरून गरीब माणसे पोटासाठी समुद्रापार गेली, त्याच किनाऱ्यावर एक राजा समुद्रापारचा बंदी होऊन राहिला. मुलांनी त्या रिकाम्या दालनांतून हिंडताना त्याच्या राज्याविषयी फारसे विचारले नाही. त्याला घरची भाषा बोलावयास कोणी होते का, एवढेच एकाने विचारले.

दोन रात्रींचा मुक्काम संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीवर होता. कौलारू घरे, शेणाने सारवलेली अंगणे आणि पेंढ्याच्या उडव्या. पण निम्म्याहून अधिक घरांना कुलपे होती. ही माणसे कोठे गेली असे विचारता यजमान आजोबा म्हणाले, "मुंबईला. गणपतीला येतील, शिमग्याला येतील. आमच्याकडे घरटी एक माणूस बाहेर असायचाच. पूर्वी गिरण्यांत असायचा, आता मिळेल तिथे. मनीऑर्डर आली की चूल पेटायची." मग थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "तुमचे जरा लांब गेले आणि गणपतीला परत यायला जमले नाही. बाकी फरक तो काय?"

या साध्या बोलण्याचा मुलांवर जो परिणाम झाला तो कोणत्याही व्याख्यानाने झाला नसता. आपले पूर्वज देश सोडून गेले, फसवून नेले गेले, हरवले, असेच ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्यांच्यावर झालेले अन्याय खरेच आहेत, आणि ते विसरता कामा नयेत. परंतु बाहेर जाणे ही कोकणाला नवलाची गोष्ट नाही, तेथील प्रत्येक घराने ती सोसली आहे, आणि म्हणून कोकण आपल्याकडे परकेपणाने पाहत नाही, हे त्यांना त्या ओटीवर समजले. आजोबांच्या पत्नीने एवढ्यात सर्वांना घावन वाढावयास घेतले होते. ती मुलगी आपली थाळी घेऊन उभीच होती. तिला पाहून त्या वृद्धा म्हणाल्या, "गो बाय, वायच टेक. किती ती उभी राहशील?"

मुलगी बसली. तिने तो शब्द पुन्हा एकदा म्हणावयास लावला, आणि वृद्धेला त्यात काय विशेष आहे ते कळेना. त्या संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरातून हलली नाही. आजीकडून ऐकलेले, पण शाळेच्या पुस्तकात कधीच न सापडलेले शब्द ती एकेक करून विचारीत राहिली. काही ओळखीचे निघाले. काही निघाले नाहीत, आणि त्यांतले एक-दोन तर सरळ क्रिओल होते. ते ऐकून सगळेच हसले, आणि या खेपेस तीही हसली.

रात्री अंगणात वाडीतील मंडळींनी पाहुण्यांसाठी जाखडी उभी केली. मध्ये वाजविणारे बसले, भोवती नाचणाऱ्यांनी फेर धरला, पायांतील चाळ एका लयीत वाजू लागले. आपल्याकडे गणेशचतुर्थीला आणि लग्नकार्यात जिला झाकरी म्हणतात तीच ही, हे ओळखावयास मुलांना क्षणभरही लागला नाही. नाव किंचित झिजलेले, पदे निराळी, चालही निराळी; पण फेर तोच. दोन मुलांना राहवले नाही. ते फेरात शिरले, आणि तिसऱ्या वळणावर त्यांचे पाऊल बाकीच्यांच्या पावलात मिसळले. वाडीतील एक वयस्क नाचणारे नंतर म्हणाले, की आमची मुंबईची पोरे हल्ली फेराबाहेर उभी राहून मोबाईलवर चित्रे काढतात. यांना कोणी शिकविले? शिकविणारे कोण, ते मुलांनी अभिमानाने सांगितले. कोणाचे आजोबा, कोणाचे काका, आणि एकाच्या बाबतीत गावच्या मंडळाचे, दिवसा बस चालविणारे एक गृहस्थ.

शिरगावचा शोध मात्र सुटलेला नव्हता. उतारा वाचून पाहण्यास रत्नागिरीतील एक निवृत्त शिक्षक मुद्दाम आले. त्यांनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला आणि सावकाश सांगितले, की शिरगाव एक नाही. एक रत्नागिरी शहराच्या जवळच आहे. दुसरे चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याकडे. तिसरे देवगड तालुक्यात. देवगड आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते खरे, पण तो जिल्हा १९८१ साली निराळा झाला. नोंदवही लिहिली गेली तेव्हा तिन्ही शिरगावे रत्नागिरीचीच होती. तालुक्याचे नाव कागदावर नाही, आणि आडनाव तर नाहीच. तेव्हा यांतले कोणते, हे कोणालाही सांगता येणार नाही.

मुलीने कागदाची घडी पूर्वीच्याच मोडीवर घातली आणि विचारले, "मग आजीला मी काय सांगू?" शिक्षकांनी तिची खोटी समजूत घातली नाही. गावाची खात्री पटल्याचे खोटे सांगून मुलीला आनंदाने परत पाठविणे त्यांना सोपे होते. परंतु ते म्हणाले, "जे आहे ते सांग. तिन्ही गावांची नावे सांग."

वेळापत्रकात एकाच गावी जाण्यास अवकाश होता. शहराजवळच्या शिरगावी ग्रामदेवतेच्या देवळात मंडळी सकाळी गेली. मुलीने तेथील गुरवांना सारी हकीकत स्वतःच्या मराठीत सांगितली. कोठे व्याकरण चुकले, कोठे शब्द आठवला नाही. पण कोणाला पुढे होऊन बोलू दिले नाही. शेवटी तिने विचारले, "हे आमचे गाव आहे की नाही ते ठाऊक नाही. दिवा लावला तर चालेल का?"

गुरव म्हणाले, "देवाला काय सातबारा दाखवायचा आहे? लाव."

तिने दिवा लावला. मग त्यांनी कोकणच्या रिवाजाप्रमाणे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. ते म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ही लेकरे समुद्रापलीकडून आली आहेत. यांच्या वाडवडलांचे घर इथल्या शिरगावात असेल, घाटाखालच्या शिरगावात असेल, नाहीतर देवगडकडच्या शिरगावात असेल. तुम्ही देव एकमेकांना ओळखता. हा दिवा ज्याचा त्याला पोचता कर, आणि यांना सुखरूप घरी ने." देवळात जमलेल्या गावकऱ्यांनी एका स्वरात "होय म्हाराजा" म्हटले, आणि दुसऱ्या वेळेस बावीस मुलांचे आवाजही त्यात मिसळले. घरी ने, या शब्दांनी गुरवांना मॉरिशस अभिप्रेत होते, हे मुलांपैकी बहुतेकांच्या लक्षात आले.

परत आल्यावर ती मुलगी एक संपूर्ण संध्याकाळ आजीपाशी बसून बोलत होती. आजीने सर्व ऐकून घेतले आणि तिन्ही गावांची नावे पुन्हा म्हणून पाहिली. "एक सांगितले होते, तीन मिळाली," एवढेच ती म्हणाली. नव्या वर्षी मुलीने मराठी विषय सोडला नाही. ती मराठीत पुढे काय करील हे आज कोणी सांगू शकत नाही, आणि तिच्यावर तशा अपेक्षांचे ओझे लादणेही बरे नव्हे. सध्या तिने एक वही घातली आहे. तीत ती आजीचे शब्द लिहिते, आणि शब्दापुढे तो आजी केव्हा वापरते तेही लिहिते.

सहलीवर होणाऱ्या खर्चाविषयी आपल्या समाजात पुष्कळ चर्चा होते, आणि ती योग्यच आहे. सर्व मुलांना जाता येत नाही. परंतु वर सांगितलेल्या हकीकतीतील जे मोलाचे आहे त्याचा बराचसा भाग विमानावाचूनही हाती येण्याजोगा आहे. आप्रवासी घाट येथेच आहे, नोंदवह्या येथेच आहेत, झाकरीचे जाणते येथेच आहेत, आणि ज्यांच्या तोंडी ते जुने शब्द अजून आहेत ती वृद्ध माणसे आपल्याच ओसरीवर बसलेली आहेत. यांतील पहिल्या दोन गोष्टी सरकार आणि संस्था सांभाळतील. उरलेल्या दोन आपल्या घरच्या आहेत, आणि त्यांना मुदत थोडी आहे. ज्यांची मुले पुढील डिसेंबरात भारतात जाणार असतील त्यांनी त्यांना निघण्यापूर्वी एक महिना रोज संध्याकाळी आजीआजोबांपाशी बसवावे. ज्यांची जाणार नसतील त्यांनीही बसवावे. मग कोणी त्यांच्या बोलण्याला हसले तर तो शब्द कोणाचा आणि कोठून आला, हे त्यांना मान खाली न घालता सांगता येईल.